मराठवाड्यात राहून चित्रकाराचा दिवस कसा जातो? स्वतःचे छोटे प्रयोग कसे सुचतात?

तुम्ही लिहिलंय की बारावी झालीय, गाव परभणी जिल्ह्यात आहे, आसपास ना गॅलरी ना चित्रकारांची संगत. मग आमच्यासारखे लोक दिवसभर करतात तरी काय, आणि स्वतःचं काही करायला विषय कुठून आणतात, असा तुमचा प्रश्न. मी उदगीरला राहते, एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) करून चार वर्षं झाली. माझ्यापुरतं सांगते.

दिवसभर चित्रं काढत बसते असं वाटत असेल तर तसं काही नाही. पोट चालतं ते शाळांच्या भिंतींवर. पाढे, बाराखडी, भारताचा नकाशा आणि नाक-डोळे असलेला हसरा सूर्य. हा सूर्य मला मनापासून आवडत नाही, पण गुरुजींना तो हवाच असतो. लग्नसराईत रुखवताची कामं येतात. संध्याकाळी चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षांचा, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमीजिएटचा, क्लास घेते. इंटरमीजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात, त्यामुळे पोरं येतात भरपूर. त्या परीक्षेतलं स्मरणचित्र म्हणजे आठवून काढायचं चित्र, पण ही मंडळी ते पाठ करून येतात. छत्रीवाला माणूस एकदा बसला की विषय जत्रेचा असो नाहीतर भाजीबाजाराचा, छत्री उघडतेच. हसत नाही मी त्यांना, माझीही छत्रीच होती.

स्वतःसाठी वेळ सापडला तो एसटीत. भिंती रंगवायला गावोगाव जावं लागतं. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा गाडीत बसायला जागा मिळणं अवघड झालं आणि चित्रासाठी माणसं मात्र मुबलक झाली. वही काढली की शेजारची बाई सावरून बसते, पदर नीट करते, सगळी गंमत जाते. म्हणून तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनानं काढायला लागले. एवढ्याशा कागदावर एकच गोष्ट मावते: दांडा धरलेला हात, पिशवीतून डोकावणारी मेथी, झोपलेल्या माणसाची टोपी. वर्षभर जमवली तिकिटं. मशीनचं तिकीट उष्णतेनं छापलेलं असतं, शाई नसतेच त्यात, त्यामुळे उन्हाळाभर पत्र्याखालच्या डब्यात राहिली तर छपाई उडून गेली. मी कुठून कुठं गेले ते पुसलं, माणसं राहिली. हे काही मी ठरवून केलं नव्हतं. पण तेव्हापासून नवं काही करायचं तर आधी विषय शोधत नाही. हाताशी काय आहे आणि ते किती आहे, एवढंच बघते.

मातीचं काम असंच सुरू झालं. आमच्या उदगीर-बीदर पट्ट्यात जांभ्याची तांबडी माती आहे. बीदरचे बिदरी कारागीर, म्हणजे धातूच्या भांड्यांवर चांदीची नक्षी जडवणारे, भांडं काळं करायला किल्ल्यातली जुनी माती नवसागरात कालवून वापरतात, हे ऐकून होते. म्हटलं, मातीनं धातू काळा होतो तर कागद रंगवायला काय हरकत आहे? गावाकडच्या बोलीत काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. मग आमच्या गावाचं चित्र गावच्याच मातीत करायचं ठरवलं. शेतं काळीनं, घरं पांढरीनं, रस्ता तांबडीनं. तीनच रंग, विकत काही आणायचं नाही.

कृती सोपी आहे. माती वाळवून कुटायची, फडक्यातून चाळायची, बादलीभर पाण्यात ढवळायची. मिनिटभरात जड रेती तळाला बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि ते रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी वरचं नितळ पाणी काढून टाकलं की खाली साय बसलेली असते, तोच रंग. वरचं पाणी मी झाडांना घालते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी तिथं मामाकडे नववीत होते. ब्रश धुतलेलं पाणीसुद्धा तेव्हापासून फेकवत नाही.

रंग कागदाला धरायला डिंक लागतो. पहिल्यांदा किराण्यातून आणला तो निघाला कतिरा. रात्री भिजवला, सकाळी पातेलंभर जेली. तो फुगतो, विरघळत नाही. बाभळीचा डिंक घ्या, कोमट पाण्यात विरघळवा, फडक्यातून गाळा आणि लवंगेच्या तेलाचा थेंब टाका, नाहीतर चार दिवसांत वास मारतो.

पांढरी छान बसली. तांबडी तर मागं न लागता बसली. काळीनं मात्र रडवलं. ओली असताना गर्द काळी दिसते, वाळली की राखाडी-तपकिरी होते, आणि जाड लावली की भेगा. दोन दिवसांत माझी सगळी शेतं पोपडे होऊन टेबलावर पडली.

आज्जी बघत होती. ती म्हणाली, "काळी लावलीस व्हय? मग फाटंलच की. म्हणून तर माळवदावर पांढरी टाकतेत." तिचं अर्धं आयुष्य माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपराखाली गेलंय. मिरगाच्या आधी दरवर्षी गढीखालची पांढरी आणून माळवदावर पसरायची, तुडवायची, हे तिचं काम. काळी टाकली तर उन्हात भेगाळते आणि पहिल्याच पावसात घर गळतं. मी नंतर वाचलं की काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, शेतात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. आज्जीला विचारलं असतं तर महिना वाचला असता. विचारलं नाही, कारण ती चित्रकार नाही असं माझ्या डोक्यात होतं.

मग कागद सोडला आणि प्लायवूड घेतलं. अजिंठ्याच्या भिंतींना रंगाखाली मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचं तूस आणि झाडांचे तंतू मिसळलेले आहेत. वेरूळच्या गिलाव्यात तर गांजाच्या झाडाचे तंतू सापडल्याचं २०१६ साली प्रसिद्ध झालं होतं. (क्लासमध्ये हे एकदाच सांगितलं, पुन्हा सांगणार नाही.) मी बारीक कातरलेली अंबाडी वापरली. काळीत निम्मी पांढरी आणि मूठभर अंबाडी कालवून पातळ थर दिला, तो वाळल्यावर दुसरा. भेगा पडल्या, पण केसासारख्या, आणि पोपडा सुटला नाही. त्या भेगा मी बुजवल्या नाहीत. एप्रिलमधलं आमचं शेत तसंच दिसतं.

ते चित्र दोन फुटांचं आहे आणि आमच्या बैठकीत टांगलंय. विकलं नाही, कुणी मागितलंही नाही. येळवशीला (वेळ अमावास्येच्या सणाला) पाहुणे आले तेव्हा भज्जी-आंबील झाल्यावर सगळे त्याच्यासमोर उभे राहून आपापलं घर शोधत होते. चुलत्यांनी बोट ठेवून दाखवलं की त्यांचा बांध मी दोन सरी आत घेतलाय, आणि त्यावरून खरंच वाद झाला. तो बांध मी अजून दुरुस्त केलेला नाही.

आता तुम्ही एवढं करा: गावातल्या तीन ठिकाणची मूठमूठ माती आणा, वर सांगितलं तशी गाळा आणि एकाच कागदावर शेजारी शेजारी लावून बघा. गोदाकाठची असेल तर मला फोटो टाका, नदीची गाळाची माती मी अजून लावून बघितलेली नाही.