मामा तलाव लीजवर घेतोयस ना, मग बीजाआधी हे वाच

प्रिय पोरा,

तलावात सोडायला माशांचं बीज (म्हणजे लहान पिल्लं) कुठून आणू आणि एकरी किती सोडू, एवढंच विचारलंस तू. थांब जरा. आधी मे महिन्यात पाणी उतरलं की तलावाच्या पोटात एक चक्कर मार, सोबत गावातला एखादा म्हातारा ढिवर (मासेमारी करणाऱ्या समाजातला) घे, आणि तो बोलत असताना मोबाईल खिशात ठेव. गोंदिया-भंडाऱ्याकडचे हे माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी धानासाठी बांधले खरे, पण कोणत्या कोपऱ्यात कोणता मासा अंडी घालतो ते ढिवरांनाच तोंडपाठ.

कटला, रोहू, मृगळ साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत म्हणून दरवर्षी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणावी लागते. मरळ, शिंगी, गावठी मांगूर तलावातच वाढतात, भावही चांगला, फक्त त्यांना उथळ पाणी आणि पाण्यातलं गवत पाहिजे. नेमकं तेच गेलंय, काठाला बेशरमची झुडपं माजली आणि आत लोकांनी गवत्या (गवत खाणारा ग्रास कार्प मासा) सोडला, त्याने उरलंसुरलं चरून टाकलं. तू गवत्या आणूच नको, बीजवाला काहीही म्हणो.

भंडाऱ्याकडे तलावांवर काम करणाऱ्या मनीष राजनकरांनी ढिवरांकडूनच शिकून त्यांच्यासोबत काही तलाव सुधारले. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायची (तुकडे तिथेच टाकू नको, परत फुटतात), उघडी पडलेली जमीन नांगरायची आणि पावसानंतर दुसऱ्या चांगल्या तलावातून देशी पाणवनस्पती आणून चिखलात लावायच्या. पण सगळा तलाव गवताने भरू द्यायचा नाही हां, रात्री ऑक्सिजन कमी पडतो, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की समज गवत जास्त झालं.

पहिल्या पावसात मासे उलट्या धारेने धानाच्या बांध्यांत चढतात, त्या वाटेवर जाळं लावू देऊ नको, भांडण झालं तरी चालेल. मरळीची लालसर पिल्लं पुंजक्याने वर येतात तेव्हा आईबाप खाली राखणीला असतात, त्या वेळी गळाला मोठा मासा पटकन लागतो म्हणून पोरं मारतात, पण राखण गेली की पिल्लं बाकीचे मासे खाऊन टाकतात.

आता बीज. मरळ असलेल्या तलावात बारीक बीज सोडणं म्हणजे तिला जेवण वाढणं, त्यामुळे पैसे जास्त गेले तरी मोठी बोटुकलीच घे. आणि मांगूरच्या नावाखाली कोणी थाई मांगूर देत असेल तर सरळ परत पाठव, त्यावर 2000 पासून बंदी आहे आणि तो बाकी मासे शिल्लक ठेवत नाही.