‘खाली स्थान भरो’ वाचून खाली बघणारं मूल

वाचकांचे प्रश्न : पहिली-दुसरीचा अभ्यास

माझी मुलगी दुसरीत आहे. पुस्तकातले सगळे धडे घडाघडा वाचते. तरी पालकसभेत मॅडम म्हणाल्या, की ती अजून ‘निपुण’ स्तरावर नाही. मग तिला नेमकं काय येत नाही?
(एक आई, सुदामानगर, इंदूर)

आधी हा स्तर म्हणजे काय ते सांगतो. ‘निपुण भारत’ हे केंद्र सरकारचं अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. आपल्या मध्य प्रदेशात ते ‘मिशन अंकुर’ या नावाने चालतं. पहिली संपताना मुलाला चार-पाच सोप्या शब्दांचं, पूर्वी न वाचलेलं वाक्य वाचता यावं, ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि साधी बेरीज-वजाबाकी यावी. दुसरी संपताना मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, ९९९ पर्यंत संख्या याव्यात आणि ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी जमावी. तिसरीत किमान ६० शब्द, ९९९९ पर्यंत संख्या आणि गुणाकाराची सोपी उदाहरणं. अपेक्षा एवढीच आहे. निबंध, वीसपर्यंत पाढे, इंग्रजी स्पेलिंगच्या याद्या यातलं काहीही या उद्दिष्टांत नाही.

तुमच्या पत्रातला ‘घडाघडा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुस्तकातला धडा वर्गात दहा-बारा वेळा वाचून झालेला असतो. मूल चित्र पाहतं, पहिला शब्द ओळखतं आणि पुढचं पाठ म्हणतं. खात्री करायची असेल तर ओळीच्या मधल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ विचारा, किंवा शेवटची ओळ उलट्या क्रमाने, शेवटच्या शब्दापासून वाचायला सांगा. पाठ असेल तर तिथेच अडतं.

मग खरी चाचणी घ्या. शाळा ज्या भाषेत तपासते त्या भाषेतला, तिने न पाहिलेला साधारण ६० शब्दांचा मजकूर घ्या. घड्याळ तिला दिसणार नाही असं ठेवा. एक मिनिट वाचू द्या, चुकलेले शब्द वजा करा, बरोबर शब्द मोजा. नंतर तीन-चार प्रश्न विचारा आणि त्यांतल्या एकाचं उत्तर मजकुरात थेट लिहिलेलं नसावं. मजकुरात ‘मीना छाता भूल गई’ असेल, तर ‘उसका बस्ता क्यों भीगा?’ असं विचारा. शब्द ५५ झाले आणि या प्रश्नावर ती गप्प बसली, तर ते वाचन नाही, नुसता उच्चार आहे. वेग ३० असेल पण उत्तरं बरोबर असतील, तर काळजी कमी आणि सराव जास्त हवा. रोज दहा मिनिटं, एकच छोटा परिच्छेद तीनदा : आधी तुम्ही, मग दोघी मिळून, मग ती एकटी. दुसऱ्या दिवशी नवा परिच्छेद घ्या.

गणितात दुसरीत सगळ्यात जास्त अडतं ते हातच्याच्या वजाबाकीत. ५२ मधून २७ वजा करायला सांगितलं की पुष्कळ मुलं ३५ लिहितात. ती चुकून नाही, एका नियमाने चुकतात : एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, म्हणून सातातून दोन गेले पाच. हा नियम कागदावर मोडत नाही, हातात काड्या दिल्या की मोडतो. दहा-दहा काड्यांच्या पाच गड्ड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवा. सात काढायला सांगा. सुट्या पुरत नाहीत हे तिलाच दिसेल. मग एक गड्डी सोडायची. आता चार गड्ड्या, बारा सुट्या. सात काढल्या, पाच उरल्या. दोन गड्ड्या काढल्या, दोन उरल्या. पंचवीस. आठवडाभर काड्यांनीच करू द्या, वही नंतर.

नातू पहिलीत, इंग्लिश मीडियममध्ये आहे. ‘पंचवीस लिही’ म्हटलं की ५२ लिहितो, कधी २०५. ‘एकोणतीस’ला ३९ लिहितो. शेजारी म्हणतात डिस्लेक्सिया असेल. मी त्याला देवनागरी आकडेही शिकवते. ते बंद करू का?
(एक आजी, रामबाग, इंदूर)

आजी, या तिन्ही चुकांना कारण आहे आणि ते तिन्ही वेळा वेगळं आहे.

‘पंचवीस’ म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. मूल ऐकतं त्या क्रमाने लिहितं, म्हणून ५२. शाळेत ‘ट्वेंटी-फाइव्ह’ ऐकलं की क्रम उलटतो. एकाच संख्येचे दोन क्रम सहा वर्षांच्या डोक्यात एकमेकांवर आदळतात. २०५ म्हणजे वीस लिहिलं आणि पुढे पाच चिकटवले. इथे कान बरोबर आहे, घरांची किंमत कळलेली नाही. आणि ‘एकोणतीस’मध्ये ‘तीस’ स्पष्ट ऐकू येतं, ‘एक उणा’ ऐकू येत नाही, म्हणून दशकाच्या घरात तीन. हिंदीच्या ‘उनतीस’लाही हेच होतं. त्यातही हिंदीत ८९ ‘नवासी’ आणि मराठीत ‘एकोणनव्वद’, म्हणजे तिथे दोन्ही भाषांची वाटही वेगळी. मराठी संख्यानामांची ही अडचण लक्षात घेऊनच बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं वाचन दिलं होतं आणि त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. आमचं मत असं, की जुनी नावं मुलाला यायलाच हवीत, पण पहिल्या वर्षी फोड करून सांगण्यात कमीपणा नाही.

उपाय काड्यांचाच. शंभर काड्या घ्या (आइस्क्रीमच्या चालतील, आगपेटीच्या नकोत), दहा-दहाला रबर लावा. मग जाड कागदाची पत्ती-पत्रं कापा : १० ते ९० ही दशकाची पत्रं १० सेंटिमीटर लांब, १ ते ९ ही एककाची ५ सेंटिमीटर लांब, उंची सगळ्यांची सारखीच. २० च्या पत्रावर ५ चं पत्र उजवीकडे ठेवलं की शून्य झाकलं जातं आणि २५ दिसतात. पत्र उचललं की शून्य पुन्हा दिसतं. २०५ ही चूक यानेच जाते. प्रत्येक वेळी तोंडाने म्हणवून घ्या : ‘दोन दहा, पाच सुटे, पंचवीस.’ सुरुवात ५६ पासून करा. छप्पन दुकान ही आपली खाऊगल्ली त्याला माहीत आहे, शिवाय हा शब्द हिंदी-मराठीत जवळपास एकच. एकोणतीससाठी तीन गड्ड्या मांडा आणि त्याच्याच हाताने एक काडी काढवा.

देवनागरी आकडे बंद करू नका, पण वर्षभर पुढे ढकला. देवनागरी ४ हा शाळेतल्या आठासारखा दिसतो, १ हा नऊसारखा. त्यात ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले. शाळेतले आकडे हाताला पक्के बसले की दुसरीत हे शिकवा, महिन्यात येतात.

डिस्लेक्सियाचं म्हणाल, तर उलट अक्षर-आकडे सातव्या वर्षापर्यंत पुष्कळ मुलं लिहितात. औपचारिक तपासणी साधारण आठव्या वर्षानंतर करतात. आत्ता डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं न दिसणारं मूलही असंच चुकतं.

मुलगी हिंदी श्रुतलेखात ‘पाणी’, ‘फळ’, ‘काळा’ असं लिहिते. शाळेतून निरोप आला, की घरी मराठी बंद करा, हिंदीच बोला. खरंच बंद करावं का?
(एक वडील, लोकमान्य नगर, इंदूर)

नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० सांगतं, की शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं. घरची भाषा काढून घेतली तर मुलीकडे शब्दच कमी उरतील, आणि वाचून अर्थ लागतो तो शब्दांवरच.

तिची चूक तर जाणतेपणाची आहे. हा शब्द आपलाच, हे तिने ओळखलं आणि घरचं रूप लिहिलं. एक वही करा, मधे रेघ मारा. डावीकडे ‘घर’, उजवीकडे ‘शाळा’ : पाणी–पानी, राणी–रानी, कोण–कौन, फळ–फल, काळा–काला. पंधरा-वीस जोड्या झाल्या की नियम तिलाच सापडेल. ‘ळ’ हिंदी लेखनात येत नाही, तिथे ‘ल’. ‘ण’ येतो तो ‘कारण’, ‘गुण’ अशा संस्कृत शब्दांत, रोजच्या शब्दांत बहुधा ‘न’. नियम तुम्ही आधी सांगू नका. ‘कवि’, ‘साधु’ची ऱ्हस्व अक्षरं पुढच्या इयत्तांसाठी ठेवा, आत्ता त्यावरून लाल रेघ नको.

याहून चकवणारे शब्द वेगळे आहेत आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाहीत. ‘खाली स्थान भरो’ असं वाचून मराठी घरातलं मूल पानाच्या तळाशी बघतं, आणि मॅडमना वाटतं लक्ष नाही. हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामं. ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘घास’ म्हणजे गवत. ‘मात्रा’ आपल्याकडे डोक्यावरची एक रेघ, तिकडे सगळीच स्वरचिन्हं. ‘छोटी इ की मात्रा’ म्हणजे आपली पहिली वेलांटी. गणितात जोड़ म्हणजे बेरीज, घटाना म्हणजे वजाबाकी, हासिल म्हणजे हातचा, इकाई-दहाई म्हणजे एकक-दशक. तुम्ही ‘हातचा एक’ शिकवता आणि वर्गात ‘हासिल’ म्हटलं की तिला तो नवाच धडा वाटतो. ही यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून तिच्या मॅडमनाही दाखवा. मुलगी सूचनेवर अडते की अभ्यासावर, हे त्यांना कळायला हवं.

उच्चाराचंही तेच. ‘चमचा’, ‘जहाज’ ती आपल्या च-ज ने वाचत असेल तर वाचन बरोबर धरा.

पहिलीच्या मुलाला रोज चार पानं लिहायला देतात. दप्तरही जड. काही नियम आहे का?
(एक आई, इंदूर)

आहे. २०२० च्या स्कूल बॅग धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, आणि पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलो. घरच्या वजनकाट्यावर आधी तुम्ही एकट्या उभ्या राहा, मग दप्तर घेऊन. फरक किती ते पाहा. पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली एकटीच किलोभर असते, म्हणून अर्धा लिटरची द्या आणि शाळेत भरायला सांगा. चार पानांबद्दल शाळेला तोंडी न सांगता लेखी अर्ज द्या, धोरणाचं नाव आणि साल घालून. उत्तर येईपर्यंत एक पान नीट लिहू द्या आणि उरलेल्या वेळात पोळ्यांचे गोळे करायला बसवा. बोटांत ताकद नसली की पेन्सिल मुठीत धरली जाते आणि दुसऱ्या पानावर हात दुखतो.