जुना लॅपटॉप टीव्हीला जोडू, की नवा टीव्ही हप्त्यावर घेऊ?

मिरजेच्या एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: घरी 32 इंची एचडी रेडी टीव्ही आहे, स्मार्ट नाही. मोठ्या मुलाचा 2017 चा 11.6 इंची लॅपटॉप कपाटात पडून आहे. मिस्टरांचं मत, 55 इंची टीव्ही 48,000 ला नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ, 4,000 चे 12 हप्ते. तेवढं वर्ष धाकटीच्या प्रवेशासाठीची पोस्टातली दरमहा 4,000 ची आरडी (आवर्ती ठेव) थांबवू. की लॅपटॉपच टीव्हीला जोडून काम भागवू?

ताई, टीव्हीचं नंतर बघू. पोस्टाची आरडी अशी वर्षभर थांबवता येत नाही. चुकलेल्या हप्त्याला शंभराला एक रुपया दंड, म्हणजे तुम्हाला महिन्याला 40 रुपये. तेवढं सोसेल. पण चार हप्ते थकले की खातं खंडित होतं. पुढच्या दोन महिन्यांत थकबाकी भरून ते चालू केलं नाही, तर त्यात पुन्हा पैसे भरताच येत नाहीत. तुमचं खातं जून 2024 चं, म्हणजे दर 6.7%. तीन वर्षं पुरी होईपर्यंत ते बंद करता येत नाही, आणि नंतर मुदतीआधी बंद केलंत तर व्याज बचत खात्याचं, 4%. टीव्हीसाठी हे करू नका.

आता 'नो-कॉस्ट'. व्याज लागतंच, फक्त दुकानदार ते सवलत म्हणून आधी वजा करतो. 16% दर धरला तर तुमच्या 12 हप्त्यांत साधारण 3,900 रुपये व्याज आहे. बँक त्या व्याजावर 18% जीएसटी लावते, सुमारे 700 रुपये, आणि तो कोणी परत देत नाही. वर प्रोसेसिंग फी. शिवाय दुकानात सरळ विचारा, 'रोख दिले तर किती?' आकडा 48,000 च्या खाली आला, तर तो फरकही ईएमआयचाच खर्च. 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 28 वरून 18% झाला, म्हणून 'आत्ताच घ्या' असा मिस्टरांचा आग्रह असेल. दर कमी झालाय, सेल थोडाच आहे? पुढच्या दिवाळीलाही टीव्ही मिळतील.

लॅपटॉपचं म्हणाल तर जोडा, पण एका अटीवर: एकूण खर्च 1,500 च्या वर जाता कामा नये. एचडीएमआय केबल तीनशेच्या आसपास, टचपॅडवाला वायरलेस कीबोर्ड हजारभर. आवाजही त्याच केबलमधून टीव्हीला जातो. वीज म्हणाल तर 25 वॉट धरून रोज चार तास, महिन्याला तीन युनिट. 4के, म्हणजे अतिस्पष्ट चित्र, चालेल का, हा प्रश्नच नको; तुमचा टीव्ही तेवढं दाखवतच नाही.

अट अनुभवावरून घातली आहे. माझ्या घरी असाच एक लॅपटॉप टीव्हीखाली होता. आधी केबल, मग 'थोडा फास्ट होईल' म्हणून एसएसडी (वेगवान डिस्क), मग रॅम, मग स्पीकर. फुकटातल्या लॅपटॉपवर आठ हजार गेले, आणि मॅच रंगात आली की स्क्रीनवर 'अपडेट होत आहे'. आई माउस हातात धरून म्हणायची, 'अरे, याला रिमोट नाही का रे?' सासूबाई टीव्ही बघत असतील तर हे आधीच लक्षात घ्या. घरात फक्त ओटीटीच बघणार असाल, तर तीन-चार हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लॅपटॉपपेक्षा सोयीची, हे मी मोकळेपणी सांगतो. लॅपटॉपची मजा पेन ड्राइव्हवरची लग्नाची चित्रफीत लावण्यात आणि धाकटीची लेक्चर्स मोठ्या पडद्यावर बघण्यात आहे.

त्या लॅपटॉपवर विंडोज 10 असेल तर नेट बँकिंग अजिबात करू नका. त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट फुकट मिळतं, मुलाला टाकायला सांगा.

सहा महिने असंच चालवून बघा. दर महिन्याला 2,000 वेगळे टाका, आरडीला हात न लावता. नाहीच जमले तर 4,000 चा हप्ताही जमला नसता, हे तेव्हाच कळेल. जमले तर 12,000 हातात असतील आणि 43 इंची हवा की 55, हे तुम्ही दोघं शांतपणे ठरवाल. तुमची खोली दहा बाय बाराची लिहिली आहे, म्हणून म्हणतो.

आणि जोडण्याआधी लॅपटॉप उलटा करून बघा. तळ किंवा टचपॅड फुगलेला दिसला तर बॅटरी गेली आहे. चार्जरला लावू नका, आधी दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या.