तुझ्या प्रश्नावलीतला सातवा रकाना

अनेक आशीर्वाद.

सोलापुरातल्या तरुण कामगारांविषयीची तुझी प्रश्नावली मिळाली, दोनदा वाचली. मेहनत दिसते. पण सातव्या रकान्यापाशी मी अडलो : ‘व्यावसायिक प्रशिक्षण घेतले आहे का? होय / नाही.’

हाच प्रश्न घेऊन पंचवीसेक वर्षांपूर्वी मी शहराच्या पूर्व भागात फिरलो होतो. साखर पेठेतल्या एका कारखान्यात विशीतला एक मुलगा चादरीचे माग सांभाळत होता. प्रशिक्षण? ‘नाही,’ म्हणाला. मी खूण केली. तेवढ्यात ताण्यातला धागा तुटला. त्यानं माग थांबवला, शेकडो धाग्यांतून नेमकी टोकं शोधली, चिमटीत गाठ मारली आणि माग पुन्हा खडखडू लागला. माझं पेन अजून त्याच रकान्यावर होतं. तरी मी खूण बदलली नाही. अहवालात ती सगळी पोरं ‘अप्रशिक्षित’ म्हणून गेली. ते मला आजही लागतं.

केंद्र सरकारच्या पीएलएफएस या रोजगाराच्या सर्वेक्षणात औपचारिक प्रशिक्षणाशिवाय वडिलोपार्जित, स्वतः शिकलेलं आणि काम करता करता शिकलेलं, असे वेगळे पर्याय असतात. तेवढे तरी घे. शिवाय विचार : कुणी शिकवलं, किती महिने, आणि त्या काळात हातात काही पैसे पडले का? जॉबरच्या, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीच्या, हाताखाली काढलेली दोन वर्षं कुठल्याच कागदावर नसतात. अनुभवाला प्रमाणपत्र देणारी आरपीएल योजना आहे खरी. ते प्रमाणपत्र मिळालेल्याची मजुरी वाढली का, हेही विचार.

दुसरी गोष्ट आकड्यांची. प्रस्तावनेत तू लिहिलंस की १५ ते २९ वयोगटातली बेरोजगारी २०१७-१८ मध्ये १७.८ टक्के होती, ती २०२३-२४ मध्ये १०.२ टक्क्यांवर आली. आकडे बरोबर आहेत. पण घरच्या मागावर बिनपगारी राबणारा मुलगाही त्या मोजणीत ‘रोजगारात’ धरला जातो. म्हणून काम आहे का, यावर थांबू नकोस. पैसे कुणाच्या हातात येतात, ते विचार. विडी कामगारांच्या घरात तर नक्कीच. कार्ड आईच्या नावावर असतं आणि शेजारी सूप मांडीवर घेऊन लेकही विड्या वळत असते. ‘ही शिकते’, एवढंच आई सांगेल. त्या मुलीशी वेगळं बोल. तुला तेलुगू येतं, त्याचा इथं फार उपयोग होईल.

बढतीवर तुझा एकच प्रश्न आहे, आणि माझ्या मते खरा विषय तोच आहे. नगावर मजुरी असली की विशीतल्याला आणि पंचेचाळिशीतल्याला दर एकच. अनुभव वाढतो, नजर मंदावते, नग कमी होतात. मागासाठी धाग्याची कांडी भरणारी बाई स्वतः मागावर का येत नाही? मागावरचा जॉबर कधी होतो, कुणाच्या शब्दावर? प्रत्येकाकडून पहिल्या दिवसापासूनची कामं ओळीनं लिहून घे, प्रत्येक कामाची मजुरी सोबत. वेळ लागेल. त्यासाठी इतर पंधरा प्रश्न खुशाल गाळ.

आणि कारखान्यात भेटतात ते राहिलेले. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलेले तुझ्या यादीत कसे येतील? प्रत्येकाला विचार, तुझ्याबरोबर लागलेले आता कुठं आहेत? त्यांना फोन कर. सहा महिन्यांनी सगळ्यांना पुन्हा गाठ. पीएलएफएसवाले एकाच घरी चारदा जातात. तुला दोनदा जमायला हरकत नाही.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतल्या मुलांनाही घेतेस, हे चांगलं. २०२४ साली बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. सहा महिन्यांची मुदत पुढं अकरा महिने झाली. तुझा प्रश्न बाराव्या महिन्याचा हवा. तिथंच ठेवून घेतलं का?

मालकासमोर मुलाखत घेऊ नकोस. कारखान्याबाहेर चहाच्या टपरीवर बस, तिथं माणूस मोकळा बोलतो. जे लिहिलंस ते त्याला तिथंच वाचून दाखव. मी वाचून दाखवलं असतं, तर त्या मुलानंच मला अडवलं असतं.

सुधारलेली प्रश्नावली घेऊन रविवारी दुपारी घरी ये. आधी दोन मुलाखती कर, आणि मग ये.

तुझा,
सर