वह्यांबरोबर सहीही मागा

प्रश्न : आमच्या तालमीची छोटी सेवाभावी संस्था आहे. दर जूनला बांधकाम मजुरांच्या मुलांना वह्या-दप्तरं देतो. रांगेत दरवर्षी तीच घरं असतात. कार्यकर्ते कंटाळलेत, देणगीदारांना फोटो हवे असतात. हे बंद करून काही टिकाऊ करता येईल का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : बंद कशाला करताय, दादा? यंदाच्या वह्या वाटाच. फक्त रांगेतल्या आईबापांना विचारा, ‘सरकारच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव आहे का?’

बांधकाम खर्चावर आपल्या राज्यात १ टक्का उपकर घेतात, तो कायद्यानं याच कामगारांसाठी राखलेला पैसा. नोंदणी असली की पहिल्या दोन मुलांच्या शिक्षणाला मंडळाकडून मदत मिळते. म्हणजे देणग्या गोळा करून तुम्ही जे देताय, त्यातलं बरंचसं त्यांच्या हक्काचंच आहे.

घोडं अडतं ते दाखल्यावर. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभी राहणारी बाई आज एका मिस्त्रीकडे, परवा दुसऱ्याकडे. तिच्या ९० दिवसांवर सही कोण करणार? ठेकेदार म्हणतो, उद्या माझ्याच अंगाशी आलं तर? मग एजंट उगवतो आणि तिच्याच मजुरीतून पैसे काढतो.

इथं तालमीचं वजन कामाला येईल. पेठेत तुमच्या शब्दाला किंमत आहे, गणपतीच्या वर्गणीला ती दिसतेच की! तुमच्या देणगीदारांत बिल्डर असतीलच. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे वह्यांबरोबर सह्याही मागा. वह्या देताना कुणी का-कू करत नाही, सहीला मात्र पेन सापडत नाही. कोण खरंच सोबत आहे, ते तिथं कळेल. फोटो सही करतानाचा काढा, हवा तर.

कामगारांना एक साधी वही ठेवायला लावा : तारीख, साइट, ठेकेदाराचं नाव, मिळालेली मजुरी. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारं पोरगं लिहील. संध्याकाळी तालमीत ऑनलाइन अर्ज भरायला दोन तरुण पोरं बसवा, आणि पैसे घेणार नाही अशी पाटी बाहेर लावा.

नोंदणीचं नूतनीकरण दरवर्षी असतं. दुसऱ्या वर्षी ते काम तुम्ही करू नका. पहिल्या खेपेला नाव लागलेल्या दोन-तीन बायकांना ते शिकवा, त्या नाक्यावरच्या इतरांना घेऊन येतील. ठेकेदार अडला तरच त्यांनी तुम्हाला हाक मारावी.