किक्कुलीच्या हित्ती मजकुरातल्या 'ऐकवर्तन्न' या शब्दाचा अर्थ कसा ठरला?

'ऐकवर्तन्न' म्हणजे घोड्याची एक फेरी. किक्कुली हा मितन्नीचा (आजच्या उत्तर सीरियाच्या भागातलं प्राचीन राज्य) अश्वप्रशिक्षक. त्याच्या सूचना हित्ती या प्राचीन भाषेत असून आजच्या तुर्कस्तानातल्या बोगाझक्योयला (हित्तींची प्राचीन राजधानी हत्तुशा) मिळालेल्या मृत्पट्टिकांवर आहेत.

अर्थ लावताना सुरुवात संस्कृतपासून करू नका. नुसत्या उच्चारसाम्यावर काहीही सिद्ध करता येतं. आधी संदर्भ बघा. शब्द येतो तिथे घोडे किती पळवायचे याचा हिशेब चालू आहे, आणि आसपास 'फिरवणे' अर्थाचा हित्ती धातू 'वहनु-' आहे. मग मालिका तपासा: ऐक-, तेर-, पंज-, सत्त-, न- आणि पुढे प्रत्येक वेळी 'वर्तन्न'. म्हणजे १, ३, ५, ७, ९ फेऱ्या. एवढं जुळल्यावरच संस्कृतमधल्या 'वर्तन' (इथे अर्थ वागणूक नव्हे, फिरणं) आणि 'वृत्' (फिरणे) धातूकडे वळावं.

मराठी वाचक अडखळतो तो 'तेर'पाशी. हे आपलं तेरा नव्हे, तीन आहे. मूळ 'त्रि-'. पण या पट्टिकांच्या कीलाक्षर लिपीत (खिळ्यासारख्या खुणांच्या) शब्दारंभी जोडाक्षर लिहिताच येत नाही, म्हणून मध्ये स्वर घुसतो. 'न-' हे 'नव-'चं रूप. लागोपाठ आलेल्या दोन 'व'पैकी एक गळाला. 'सत्त' मात्र लिपीची अडचण नाही, कारण 'सप्त' लिहिणं शक्य होतं. तरी त्यावरून थेट प्राकृत गाठू नका (तिथेही 'सत्त' आहे), मधल्या हुरियन भाषकांच्या, म्हणजे मितन्नीतल्या लोकांच्या, उच्चाराचाही तो परिणाम असू शकतो.

सगळ्यात मोलाचा 'ऐक'. इराणी शाखेत एकासाठी 'ऐव' आहे, त्यामुळे हा शब्द इंडो-आर्यच (संस्कृतच्या शाखेतला) ठरतो.