गोळी आत्म्यापर्यंत पोचते का?

पत्र: ताई, जय ख्रिस्त. मी खानापूर तालुक्यातली, वय ३९. माहेर मेथडिस्ट, सासर कॅथलिक. नऊ महिन्यांपूर्वी आई वारली आणि माझी झोपच गेली. जेवण जाईना, दोनदा गॅसवर दूध ठेवून तशीच बसून राहिले. बेळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं. आता आमच्या मागच्या गल्लीत एक प्रार्थनासभा भरते. तिथले ब्रदर कन्नडमधून शिकवतात. ते म्हणायलेत, माणूस तीन भागांचा: आत्म, प्राण, शरीर. गोळी शरीरापर्यंतच पोचते. दुःख हा प्राणाचा अशक्तपणा, आणि ज्याचा आत्मा जागा आहे त्याला गोळीची गरज पडत नाही. नणंद म्हणते, फादरांनी तर दोनच भाग शिकवलेत. सहा दिवस झाले, मी गोळी घेतलेली नाही. डोकं गरगरायलंय. कोण खरं? आई आता नक्की कुठं आहे? आणि पुण्याच्या मामांचं दहन केलं, त्यांचं शरीर कसं उठणार? – एक बहीण

उत्तर:

ताई, आधी गोळ्यांचं बोलू. आत्म्याचं उत्तर दोन दिवस उशिरा मिळालं तरी चालेल, पण डॉक्टरांना फोन आजच झाला पाहिजे. नैराश्यावरच्या गोळ्यांशी मेंदू हळूहळू जुळवून घेतो. त्या एकाएकी बंद केल्या की काही दिवसांत गरगरणं, मळमळ, चिडचिड, भलतीसलती स्वप्नं, डोक्यातून वीज गेल्यासारखा झटका असले प्रकार सुरू होतात. सभेत याला कुणी ‘आत्मिक लढाई’ म्हणेल, पण तुमची गरगर बहुधा त्या रिकाम्या सहा दिवसांची आहे. चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊन टाकू नका, आणि आपल्या मनानं पुन्हा सुरूही करू नका. किती दिवसांचा खंड पडला ते डॉक्टरांना सांगा, डोस तेच ठरवतील. गोळीचं नाव तुमच्या पत्रात नाही. त्यात झोपेची गोळी असेल तर ती अचानक तोडणं जास्त धोक्याचं असतं, म्हणून पाकिटावरचं नाव फोनवर वाचून दाखवा. बरं वाटल्यावरही हे औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, आणि मग टप्प्याटप्प्यानं उतरवतात. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणजे औषध लागू पडतंय. बंद करायची वेळ झाली, असा त्याचा अर्थ होत नाही. डॉक्टर भेटेनात तर १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असते, मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलता येतं. जगणं नको असा विचार डोकावला तर एकटं राहू नका. घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

आता ब्रदर. त्यांनी तीन भाग मनानं रचलेले नाहीत. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, अध्याय ५, वचन २३ काढा: तुमचा ‘आत्मा, जीव व शरीर’ निर्दोष राखली जावोत, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो. कन्नड बायबलात तिथंच ‘आत्म, प्राण, शरीर’ आहे. तुमचा निम्मा गोंधळ या दोन भाषांच्या मधल्या बांधावर झालाय. ब्रदरांचा ‘प्राण’ म्हणजे आपला ‘जीव’. पौलाच्या ग्रीकमध्ये तो शब्द आहे ‘प्सूखे’, आणि आत्म्याला ‘न्यूमा’, म्हणजे मुळात वारा, श्वास. पण मत्तय १०:२८ उघडलंत की जे शरीराचा घात करतात पण ‘आत्म्याचा’ घात करू शकत नाहीत त्यांना भिऊ नका, असं वाचायला मिळतं. ग्रीकमध्ये इथं न्यूमा नाही, प्सूखे आहे. एकाच शब्दाला मराठीनं एका ठिकाणी ‘जीव’ म्हटलं, दुसऱ्या ठिकाणी ‘आत्मा’. कन्नडमध्येही तसंच घडलंय. म्हणजे अनुवादातला शब्द धरून कुणी माणसाच्या आत भिंती बांधायला लागलं, तर त्या भिंती पान उलटताच हलतात.

जुन्या करारात तर कप्पे आणखीच पुसट आहेत. उत्पत्ती २:७ मध्ये देव मातीचा माणूस घडवतो, नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो आणि माणूस ‘जीवधारी’ होतो. तिथला इब्री शब्द ‘नेफेश’. माणसाला नेफेश दिला असं तिथं म्हटलेलं नाही, माणूसच नेफेश झाला असं म्हटलंय. हा शब्द जुन्या करारात साडेसातशेहून अधिक वेळा येतो आणि गळा, श्वास, भूक, ओढ, जनावराचा जीव, अख्खा माणूस असे सगळे अर्थ वाहून नेतो. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपण पोरांवर जीव लावतो, रात्री बस चुकली की जीव टांगणीला लागतो, आईच्या आठवणीनं जीव तुटतो आणि शेवटी जीव जातो. यातला कुठलाच जीव शरीर बाजूला ठेवून काढता येत नाही. इंग्रजीच्या ‘सोल’पेक्षा आपला ‘जीव’ नेफेशच्या जास्त जवळ बसतो. उलट मराठीतला ‘आत्मा’ जरा सांभाळून वापरावा लागतो. एकीकडे तो अजन्मा, अविनाशी, ब्रह्माशी एक असा अर्थ घेऊन येतो, दुसरीकडे पिंपळावर भटकतो. ख्रिस्ती शिकवणीत माणसाचा आत्मा देवानं निर्माण केलेला आहे, तो देवाचा तुकडा नव्हे.

मग दोन की तीन? मंडळ्यांचं, म्हणजे वेगवेगळ्या चर्चचं, यावर एकमत नाही, आणि नणंद व ब्रदर आपापल्या परंपरेपुरते बरोबर आहेत. कॅथलिक शिकवण शरीर आणि आत्मा यांचं एकच माणूसपण मानते. १९९२ ची कॅथलिक धर्मशिक्षा (अधिकृत शिकवणीचं पुस्तक) थेस्सलनीकाचं तेच वचन घेते आणि या भेदानं आत्मा दुहेरी होत नाही, असं स्पष्ट सांगते. बहुतेक जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्याही शरीर आणि आत्मा असं दोनाचंच बोलतात. पेंटेकॉस्टल आणि ब्रदरन वळणाच्या सभांत तीन भागांची मांडणी जास्त चालते. तीनवाल्यांचा दुसरा आधार इब्री ४:१२, जिथं देवाचं वचन ‘जीव व आत्मा’ यांना भेदून जातं. पण त्याच वाक्यात ‘सांधे व मज्जा’ही आहेत, ते मोजून कुणी पाच भाग करत नाही. मार्क १२:३० मध्ये अंतःकरण, जीव, बुद्धी, शक्ती असे चार शब्द आहेत. ‘तन-मन-धनानं’ म्हणताना आपण जसं काही मोजत नसतो, तसं ते आहे. माझं मत विचाराल तर पौल तिथं ‘नखशिखांत’ म्हणतोय, शरीरशास्त्र शिकवत नाही.

तीन भाग मानल्यानं कुणाचं बिघडत नाही. बिघडतं ते त्यांची उतरंड लावली की: आत्मा वर, शरीर खाली, आणि दुःख मधल्या कप्प्यातला कमकुवतपणा. ब्रदरांचं हे वाक्य योहानाच्या शुभवर्तमानाशी ताडून बघा. बारावा अध्याय, वचन २७: येशू म्हणतो, ‘आता माझा जीव व्याकूळ झाला आहे.’ इथं प्सूखे. पुढच्याच अध्यायात, वचन २१: येशू ‘आत्म्यात व्याकूळ झाला’. इथं न्यूमा. दोन्हीकडे व्याकूळ होण्याचं ग्रीक क्रियापद एकच आहे. दुःख फक्त जिवाचं आणि आत्मा मात्र दुःखाच्या पलीकडं, ही विभागणी खुद्द येशूला लागू पडत नाही. धरला जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत तो ‘माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे’ म्हणाला (मत्तय २६:३८), तेव्हा त्याचा आत्मा झोपला होता असं म्हणायला ब्रदरही धजणार नाहीत.

हा वाद जुनाच आहे. चौथ्या शतकात लावदिकीयाचा बिशप अपोलिनारिस शिकवायला लागला की ख्रिस्तानं मानवी शरीर घेतलं, पण विचार करणाऱ्या मानवी मनाच्या जागी दैवी वचन, म्हणजे त्याचं देवपण, होतं. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं हे नाकारलं. नाझियांझसच्या ग्रेगरीनं त्याला दिलेलं उत्तर अजून सांगितलं जातं: जे ख्रिस्तानं धारण केलं नाही, ते बरं झालं नाही. थकणारं, रडणारं, रात्री झोप न येणारं मनही ख्रिस्तानं धारण केलं. त्या मनाला कमी दर्जाचा कप्पा ठरवण्याआधी दोनदा विचार करावा.

अजून एक शब्द सभेत गल्लत करतो: ‘देह’. गलतीकरांच्या पाचव्या अध्यायातली ‘देहाची कर्मे’ वाचा. त्यात व्यभिचार आणि दारूबाजी आहेत, तसे वैर, मत्सर, तट पाडणं हेही आहे. तट काही हातापायांनी पडत नाहीत. पौल तिथं ‘सार्क्स’ म्हणतो, देवाला पाठ फिरवलेला स्वभाव. शरीराला त्याचा शब्द ‘सोमा’, आणि ते सोमा पवित्र आत्म्याचं मंदिर आहे (१ करिंथ ६:१९). मेंदू त्याच मंदिरात येतो.

एलीया संदेष्ट्याचं उदाहरण तुमच्यासाठी ठेवून दिलं होतं. १ राजे १९ मध्ये तो रानात एका झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला आत्म्याच्या अशक्तपणाबद्दल काही बोलत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो, तर देवदूत पुन्हा उठवून पुन्हा खायला लावतो. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर. तुम्हीही सकाळी भाकरी पोटात गेल्याशिवाय उपासाचा विचार करू नका. या दिवसांत कुणी तीन दिवसांचा उपास सांगितला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. प्रार्थना मात्र जरूर मागून घ्या. याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडिलांना बोलवा, तेल लावून घ्या. त्या वचनात औषध टाकायला सांगितलेलं नाही, आणि पौलासोबत वैद्य लूक हिंडत होता.

आई कुठं आहे? इथं माहेर आणि सासर थोडं वेगळं बोलेल. तुमच्या माहेरच्या शिकवणीत विश्वासात मरण पावलेला माणूस ख्रिस्ताजवळ असतो आणि शेवटच्या दिवशीच्या पुनरुत्थानाची वाट बघतो. फिलिप्पै १:२३ आणि येशूनं शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला दिलेलं ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे वचन, हे त्याचे आधार. मृतांसाठी प्रार्थना ते सहसा करत नाहीत. सासरी मरणानंतर लगेचचा न्याय आणि शुद्धिस्थान (स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था) मानतात, म्हणून महिन्याची मिसा, म्हणजे मृतासाठीची उपासना, असते आणि २ नोव्हेंबरला कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांच्या मते पुनरुत्थानापर्यंत ती गाढ झोप असते. यातलं कुणीही आईचा आत्मा घराभोवती घुटमळतो असं शिकवत नाही. त्यामुळे ‘दुःखाचा आत्मा लागलाय’ म्हणून घर शुद्ध करायला कुणी आलं तर चहा द्या आणि पाठवून द्या. नणंदेनं मिसा सांगितली तर भांडू नका. तुमच्या पाळकांना ती नको वाटेल, पण आईची आठवण काढायला तुम्ही तिच्यासोबत नुसतं बसलात तर त्यांचीही हरकत असायचं कारण नाही. आणि रडू येतं त्याची लाज धरू नका. ‘आशा नसलेल्यांसारखा’ खेद करू नका, असं पौल लिहितो (१ थेस्सल ४:१३). खेदच करू नका असं लिहीत नाही.

मामांचं सोपं आहे. पुरलेलं शरीरही शंभर वर्षांत मातीच होतं, दहनानं ते काही तासांत होतं. कॅथलिक मंडळीनं १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली. २०१६ च्या सूचनेनुसार अस्थी घरात ठेवायच्या किंवा उधळायच्या नाहीत, पवित्र जागी ठेवायच्या. प्रोटेस्टंट मंडळ्यांतही सहसा बंदी नसते. कसं उठणार, हा प्रश्न करिंथकरांनीही विचारला होता. पौल बियाण्याचा दाखला देतो: पेरता ते पुढं उगवणारं रोप नसतं, नुसता दाणा असतो (१ करिंथ १५:३७). खानापूरच्या माणसाला भाताचा तरवा बघितल्यावर हे वेगळं समजवायला नको. पौलाच्या म्हणण्यानुसार उठतं ते ‘आध्यात्मिक शरीर’, म्हणजे शरीर राहतंच. उठलेल्या येशूनं शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला (लूक २४:४२-४३) आणि त्याच्या हातांवरचे व्रण तसेच होते. आईचं काय उठणार, तर तुम्ही ओळखाल अशी आई.

सभेला जायचंच असेल तर ब्रदरांना एक विचारा: योहान १२:२७ आणि १३:२१ एकत्र ठेवून ते काय सांगतात? ते थांबून वाचायला बसले तर बरं. ‘शंका म्हणजे अविश्वास’ म्हणाले, तर त्या गल्लीत पुन्हा जायचं कारण उरत नाही. आणि गोळ्यांची पट्टी प्रार्थनेच्या टेबलावर ठेवायला कुणी सांगितलं तर ती नवऱ्याच्या खिशात राहू द्या. फोन केल्यावर डॉक्टर काय म्हणाले तेवढं कळवा.